पाठीवरच्या रेघा

अमावास्येला ग्रहण आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, असा योग आला म्हटल्यावर मालनआत्या येवल्यात स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. मंगळवारी संध्याकाळीच ती धाकटा भाऊ रंगनाथ आणि भावजय चतुराबाई यांना पुढे घालून एसटीने नाशिकला आली. रंगनाथांचा मुलगा संतोष याच्या इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये शिरताच तिने पाणीही न घेता आधी बाल्कनीचं दार लावून पाहिलं, बेडरूमच्या खिडकीला चादर पुरेल का ते वितीने मोजलं आणि मगच खुर्चीत बसून म्हणाली, "ह्या टायमाला मी हाय. कुणी कशाची काळजी करू नका."

काळजी करण्याजोगं खरं तर काही नव्हतं. संतोषची बायको पल्लवी हिला सातवा महिना लागला होता आणि पायांवरची थोडी सूज सोडली तर सगळं छान आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. संतोषची अंबडच्या कारखान्यातली नोकरी कायम झाली होती. त्यांच्या दहा वर्षांच्या सायलीला गेल्या दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती. शाळेत ती दोन यत्ता मागे होती खरी, पण मागच्याच महिन्यात तिने एक अख्खं पान कुणाच्या मदतीशिवाय वाचलं होतं आणि ते पान घरात आल्यागेल्याला वाचून दाखवायचा सपाटा लावला होता. घरात बऱ्याच वर्षांनी बरे दिवस होते. बरे दिवस आले की मालनआत्याला मात्र धास्ती वाटायची, तिचा स्वभावच तसा.

या वेळी धास्तीला कारणही होतं. पंच्याण्णव सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, असंच सूर्यग्रहण लागलं होतं. येवल्यातली त्यांची सगळी गल्ली शेजारच्यांच्या टीव्हीसमोर बसली होती. मालनआत्या मध्येच काहीतरी घ्यायला घरी आली आणि तिने पाहिलं, की सहावा महिना सरत आलेली पल्लवी पैठणीच्या पदराच्या उलट्या बाजूचे सुटे धागे कात्रीने काढतेय. ग्रहणात गरोदर बाईने सुईलासुद्धा हात लावायचा नसतो, तिथे ही कात्री घेऊन बसलेली. जानेवारीत सायली झाली. दोन महिन्यांत तिच्या डाव्या हातावर, कुशीवर, पाठीवर फिकट रेघा उमटायला लागल्या, वळणं घेत गेलेल्या, लांबच लांब. वर्षाची व्हायच्या आत पहिली फिट आली. मालनआत्याने काय ते एका वाक्यात सांगून टाकलं आणि ते वाक्य पुढे दहा वर्षं घरात, नात्यात, लग्नकार्यात फिरत राहिलं. पल्लवीनं ग्रहणात कात्री धरली, ती पोरीच्या अंगावर उठली.

पल्लवीने ते कधी खोडून काढलं नाही. कात्री तिच्या हातात होती, यात काही खोटं नव्हतं.

बुधवारी सकाळी चहा होत होता तेव्हा मालनआत्याने दिवसाचा कार्यक्रम जाहीर केला. "ग्रहण साडेचारच्या पुढं लागतंय. थोडंच हाय म्हणतात, पण थोडं म्हणून सोडायचं नाय. चारच्या आत सगळ्यांचं खाणंपिणं उरकायचं. पल्लवी बेडरूममधी बसंल, ग्रहण सुटेस्तवर हलायची नाय. आनि उद्या पाडव्याचं जेवून परवा सकाळी आम्ही निघू. सायलीला बरोबर नेतो."

"सुट्टीला ना?" पल्लवीने विचारलं. "पण एप्रिलमध्ये परीक्षा आहे तिची."

"परीक्षा पुढल्या साली देईल. बाळंतपण होऊन सव्वा महिना झाला की मीच आणून सोडीन. दोन जिवांच्या बाईच्या डोळ्यापुढं जे असतं तेच पोटात उतरतं. रोज तिला अंघोळ घालायची, रोज तिची वेणी घालायची. तुझी नजर त्या रेघांवरनं हटणार कशी? आनि नंतर, बाळ आलं म्हंजी, अंगाला अंग लागतं."

पल्लवीने संतोषकडे पाहिलं. संतोषने कपातल्या चहाकडे पाहिलं. "अक्का म्हणतात ते बरोबरच हाय," चतुराबाई घाईने म्हणाल्या आणि भरलेला पाण्याचा तांब्या पुन्हा भरायला आत गेल्या. रंगनाथांनी पेपरचं पान उलटलं.

सायली पोहे खायची थांबली. "बाळ येईल तेव्हा मी येवल्याला असणार?"

"मग येशील की बघायला."

"पण आई म्हणाली होती, दवाखान्यात सगळ्यात आधी मी जाणार."

सायलीने बशीतले शेंगदाणे एका बाजूला केले, आणि पल्लवीला कळलं, की हे आज इथेच थांबवलं नाही तर परवा सकाळी खरोखरच ही पोर एसटीत बसलेली असेल. मालनआत्याच्या तोंडून निघालेली गोष्ट या घरात आपोआप घडायची.

संतोष कारखान्यात साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडून आलेला माणूस होता. कामगारांनी त्याचं नाव पुढे करावं इतका तो बोलायला खमका होता. आत्यापुढे मात्र त्याला अजून चौथीत असल्यासारखं वाटे. त्याच्या लहानपणी आई मागाला आणि स्वयंपाकाला जुंपलेली असायची. त्याला आंघोळ, अभ्यास, धपाटे, सगळं आत्याच्या हातून मिळालं होतं. लग्नानंतर तीन वर्षांतच नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि मागासाठी रेशमाच्या कांड्या भरत भरत तिने अख्खं घर आपल्या हाती घेतलं. तिचा त्याला धाक होता आणि तिच्यावर त्याचा जीवही होता, त्यामुळे पंचाईत अधिकच होती.

दुपारी बेडरूमच्या खिडकीला चादर ठोकायला तो स्टुलावर चढला, तेव्हा पल्लवीने दार लोटून घेतलं.

"सायलीच्या तपासणीचा मुंबईचा रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही येवल्याला नक्की काय सांगितलंत?"

"सांगितलं ना. सगळं नॉर्मल आहे, दुसऱ्या मुलाला काही धोका नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या."

"आणि सायलीला ते का झालं, ते?"

संतोषने तोंडात खिळा धरला होता, त्यामुळे त्याला थोडा वेळ मिळाला. मग खिळा काढावाच लागला. "फोनवर कसं सांगणार? ते सांगायचं म्हणजे ग्रहणाचा विषय काढावा लागतो. ग्रहणाचा विषय काढला की आत्याचं नाव येतं."

"म्हणून मी सहा महिने समजतेय की त्यांना सगळं माहीत आहे. मनात म्हणत होते, कळूनही एका शब्दाने कुणी काही बोललं नाही. मला किती लागलं असेल?"

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्याला जास्त वाईट वाटलं. त्याला खरोखर लाज वाटली. सप्टेंबरात मुंबईहून परत येताना कसारा घाटात ही बाई गाडीच्या खिडकीला डोकं टेकून रडली होती, सुटल्यासारखी रडली होती, आणि त्याला वाटलं होतं की झालं, संपलं. तिच्यापुरतं संपून काय उपयोग, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"आज बोलतो," तो म्हणाला.

"तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. सायली कुठेही जाणार नाही. ती बाळाची वाट बघतेय, माझ्यापेक्षा जास्त बघतेय."

"बोलतो म्हटलं ना," संतोष म्हणाला आणि खिळा भलत्याच जागी ठोकला.

साडेचार वाजले. पाण्याच्या माठात, दुधात, पिठाच्या डब्यात तुळशीची पानं पडली. गॅस बंद झाला. पल्लवी बेडरूममध्ये भिंतीला टेकून सतरंजीवर बसली. पाय पसरून तासभर बसायला कुणी बजावून सांगतंय, ही गोष्ट सातव्या महिन्यात तिला मुळीच वाईट वाटली नाही. तिच्यावर नजर ठेवायला मालनआत्या समोर बसली. एकटीच कशी बसणार म्हणून चतुराबाई आल्या, बाहेर जायचं नाही म्हणून रंगनाथ आले, सायली आईच्या मांडीवर डोकं टाकून पडली आणि शेवटी संतोषही दारात स्टूल घेऊन बसला.

रंगनाथांच्या मनात आलं, ही पाच मोठी माणसं अशी एका खोलीत, हाताला काही काम नसताना, याआधी कधी बसली होती? काही बोलणं निघालं की ते स्वतः मागावर जाऊन बसायचे. चतुराबाई चुलीकडे वळायच्या. संतोष स्कूटर काढायचा. ग्रहणाने प्रत्येकाची पळवाट बंद केली होती. त्यांना मनातल्या मनात गंमत वाटली.

थोडा वेळ मालनआत्याने जप केला. मग ती म्हणाली, "चतुरा, पोरीचे चार कपडे काढून ठेव आजच."

"आत्या," संतोष म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "ते सायलीचं... म्हणजे रिपोर्ट आला होता ना..." त्याने घसा साफ केला. "पल्लवी नीट सांगेल."

पल्लवीने सुस्कारा सोडला. याहून जास्त तिला अपेक्षित नव्हतंच. ती सासऱ्यांकडेही वळली. "सांगते. नाना, तुम्हीही ऐका. डॉक्टरांनी आमच्या दोघांचं रक्त तपासलं, त्यात काही नाही. सायलीच्याही रक्तात काही नाही. मग तिच्या कातडीचे दोन बारीक तुकडे घेतले, एक रेघेतला आणि एक रेघेबाहेरचा. रेघेबाहेरच्या तुकड्यातल्या पेशी सगळ्या सारख्या. रेघेतल्या तुकड्यात दोन जातींच्या पेशी निघाल्या."

"दोन जातींच्या म्हंजी?" रंगनाथांनी विचारलं.

"मूल सुरुवातीला एका पेशीचं असतं. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं वाढतं. तसं वाढताना मध्येच एका पेशीत चूक झाली. त्या एकीपासून पुढे जेवढ्या झाल्या, त्या सगळ्या तिच्यासारख्या. बाकीच्या चांगल्या त्या चांगल्याच राहिल्या. शरीर वाढत गेलं तशा त्या चुकलेल्या पेशी ओळीने पसरल्या. कातडीत गेल्या तिथे रेघा आल्या. थोड्या मेंदूत गेल्या, म्हणून फिट."

"पर चूक कुणाची झाली?" मालनआत्याने विचारलं.

"कुणाचीच नाही. आपोआप होते. माझ्याकडून आली नाही, यांच्याकडून आली नाही, म्हणून पुढच्या बाळाला येईल असंही नाही. आणि आत्या, ही चूक अगदी सुरुवातीच्या दिवसांतली आहे. मला दिवस गेलेत हे मलाच कळलं नसेल, तेव्हाची. ग्रहण होतं तेव्हा मला सहावा महिना सरत होता. त्याच्या कितीतरी आधी सायलीच्या अंगावरच्या रेघा ठरून गेल्या होत्या. दिसायला नंतर लागल्या, एवढंच."

मालनआत्याने जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, "डॉक्टर लोक कागदावर काय बी लिहितात. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय. हिनं धागे कापले आनि पोरीच्या अंगावर धाग्यावानी रेघा आल्या. सरळ गोष्ट हाय."

"सायले, इकडं ये," रंगनाथ म्हणाले. "हात दाव तुझा."

सायलीने डावा हात पुढे केला. रंगनाथांनी चष्मा लावला आणि तिची बाही वर सारून खांद्यापासून मनगटापर्यंत गेलेल्या एका फिकट रेघेवरून बोट फिरवत आणलं. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस. या रेघा त्यांनी शेकडो वेळा पाहिल्या होत्या, पण दरवेळी नजर काढून घेतली होती. आता त्यांनी त्या कापड बघतात तशा बघितल्या.

"अक्का, एक सांग. समज, लुगडं विणून झालं. उलगडून बघितलं तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फिकी रेघ गेलीया, अखंड, कुठं तुटली नाय. तू कुणाला बोल लावशील?"

"रंगाऱ्याला," मालनआत्या लगेच म्हणाली. तिच्या आवडीचा विषय होता. "रेशमाची लड रंगात धड भिजली नसंल. तो उभा धागा ताण्यात आला तेव्हाच कच्चा व्हता."

"माग लागायच्या आधीच?"

"मग? ताणा एकदा मागावर चढला की त्यात काय व्हतंय?"

"मागनं पदराचे धागे काढणारीला नाय बोल लावायची?"

"तिला कशापायी? कात्री चुकली तर भोक पडंल. कात्रीनं अशी लांब रेघ कशी..." मालनआत्या थांबली. तिने भावाकडे असं पाहिलं, की लहानपणी असतं तर त्याला नक्की एक धपाटा बसला असता. "लुगडं येगळं, पोर येगळी," ती पुटपुटली.

"येगळीच. पर धाग्याचा हिशेब मी नाय, तूच लावला व्हतास." रंगनाथांनी सायलीची बाही खाली केली. दहा वर्षं आपल्याला हे एवढं साधं सुचू नये याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी सांगूनही टाकलं. "पल्लवी, हे मला आधीच सुचायला पायजे व्हतं. मी इचारच केला नाय. माझं चुकलं."

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्याच्या तोंडून असं काही ऐकायची तिला सवय नव्हती.

मालनआत्या सहजी हरणारी नव्हती. "बरं, ऱ्हायलं. रेघा कात्रीच्या नसतील. पर सांगून ठेवलेलं असताना हिनं कात्री धरलीच कशाला? मोठ्यांचं ऐकायचं नाय, हा दोष नाय का?"

चतुराबाईंच्या मांडीवर पोथी होती. ती त्यांनी आता मिटली. दहा वर्षं हे वाक्य त्यांनी वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्या काहीतरी निमित्त काढून आत जायच्या. आता आत जायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम अक्कांचाच होता.

"कात्री मी दिली," त्या म्हणाल्या.

"कोणती कात्री?"

"तीच. त्या दिवशीची." चतुराबाई खाली बघत बोलत होत्या, पण आवाज स्पष्ट होता. "लग्नाची पैठणी व्हती. दिवाळीच्या पाडव्याला गिऱ्हाईक न्यायला येणार व्हतं आनि पदराचे मागचे धागे तसेच लोंबत व्हते. मला बारीक दिसत नव्हतं तवा, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं व्हतं. तुम्ही सगळे टीव्हीपुढं. ही नको म्हणत व्हती. मी म्हणले, दार लावते, कुणाला कळायचं नाय, तेवढे धागे काढून दे. ती माझं ऐकून बसली. मोठ्यांचं ऐकूनच बसली, अक्का."

संतोष स्टुलावरून अर्धवट उठला आणि परत बसला. आई असं काही करू शकते हे त्याला माहीत नव्हतं. आई असं काही कबूल करू शकते हे तर मुळीच माहीत नव्हतं.

"आनि तू दार लावलंस नाय नीट," मालनआत्या म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

"दार लागतच नव्हतं ते. कडी मोडली व्हती."

मालनआत्याने पल्लवीकडे मान वळवली. "मग तू का बोलली नाय गं? दहा वर्षं ऐकून घेतलंस?"

पल्लवीने सायलीच्या केसांतून हात फिरवला. "पहिल्या वर्षी बोलणारच होते. रोज ठरवायचे. पण सायलीला फिट आली की सगळ्यात आधी आई धावायच्या. तिला कुशीवर धरून बसायच्या, तोंड पुसायच्या. मला तर जवळसुद्धा जाता यायचं नाही. मी बोलले असते तर सगळा बोल आईंना लागला असता. मग त्यांनी तिला हात लावला असता का? देवळात जाऊन बसल्या असत्या, रडत." ती थोडी हसली. "मला बोलणी ऐकता येत होती आणि आईंना फिट सांभाळता येत होती. म्हणून मी गप्प बसले. नंतर मला फिट सांभाळता यायला लागली, पण तोवर गप्प बसायची सवय झाली होती."

चतुराबाई रडायला लागल्या. तोंडाला पदर लावून त्या मोकळेपणी रडल्या, आणि कुणी त्यांना गप्प राहा म्हटलं नाही. सायली उठून त्यांच्याजवळ गेली आणि फिट आल्यावर आजी तिची पाठ चोळायची तशी ती आजीची पाठ चोळू लागली.

रडणं ओसरल्यावर चतुराबाईंनी नाक पुसलं आणि नणंदेला जन्मात कधी केला नव्हता तो विरोध केला. "आनि सायली येवल्याला यायची नाय."

"मी म्हणते ना..."

"घर माझं बी हाय, अक्का. मी तिला घरात घेणार नाय. दारातनं परत पाठवीन."

नातीला घरात न घेण्याची ही धमकी इतकी विचित्र होती, की रंगनाथांना हसू आलं. ते हसले म्हणून पल्लवी हसली. "सायली इथेच राहील," संतोषने आता ठामपणे सांगितलं. सगळं ठरून गेल्यावर तो नेहमीच ठाम असे. पल्लवीने त्याच्याकडे बघून मान हलवली, पण तिला त्याचा रागही आला नाही.

मालनआत्या मात्र हसली नाही. तिने जपमाळ उचलली आणि ग्रहण सुटेपर्यंत ती जप करत राहिली.

सहा वाजून गेल्यावर चादर निघाली आणि उन्हाची शेवटची तिरीप खोलीत आली. ग्रहण सुटल्यावर अंघोळी करायच्या होत्या. गिझर लागला, घरातलं पाणी ओतलं गेलं, चतुराबाईंनी नव्याने भात टाकला. पल्लवी अंघोळ करून आली तेव्हा तिला वाकणं जड जात होतं. पाठीवर हात धरून ती सायलीला हाक मारायला वळली, तोच मालनआत्या उठली.

"तू बस. तिला मी घालते."

पल्लवी बघत राहिली. सायली तान्ही होती तेव्हापासून आत्याने तिला कधी न्हाऊ घातलं नव्हतं. तिला खाऊ द्यायची, फ्रॉक आणायची, रागवायची, पण तो फ्रॉक घालायला मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगायची. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

बाथरूममध्ये दोघी गेल्या आणि दार अर्धवट लागलं.

मालनआत्याने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून घेतलं आणि बादलीतलं पाणी कोपराने बघितलं. सायली परकर गुंडाळून पाटावर तिच्याकडे पाठ करून बसली. दिव्याच्या उजेडात पाठ नीट दिसत होती. मालनआत्याने दोन तांबे ओतले, साबण हातात घेतला आणि तिचा हात अंतरावरच थांबला. तिला स्वतःचा राग आला. साठी उलटलेली बाई आपण आणि एका पोरीच्या पाठीला भितो.

"मालनआजी," सायली म्हणाली, "माझ्या पाठीवर कसं आहे?"

"कसं म्हंजी?"

"हाताचं मला दिसतं. पाठीचं दिसत नाही. आईला विचारलं की ती छान आहे म्हणते. बाबा म्हणतात, काही नाही. खरं कसं आहे?"

मालनआत्याला खोटं बोलता येत नसे. तो तिचा मोठा दोष होता. तिने पुढे वाकून पाहिलं. "उजवीकडं काय नाय. डाव्या बाजूला हायेत. मणक्यापाशी निघतात, तिथनं थोड्या वर जातात, मग वळून खाली कुशीकडं उतरतात. एकाखाली एक, सगळ्या एकाच वळणाच्या." तिने मोजल्या. "सात हायेत."

"सात," सायली समाधानाने म्हणाली. तिला आकडे आवडायचे. "त्या हाताला लागतात का?"

हे मालनआत्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिने गृहीत धरलं होतं, की तिथली कातडी खरबरीत असणार, शिवणीसारखी. तिने साबण खाली ठेवला आणि बोट टेकवलं. मग तिने डोळे मिटले. कांड्या भरताना ती असंच करायची. रेशमातली गाठ, जाडेभरडेपणा, कुठे सुटलेला तंतू, डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या बोटांना कळायचं आणि बोटं कधी चुकायची नाहीत. तिने मणक्यापासून कुशीपर्यंत बोट आडवं नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं. रेघ कुठे लागली आणि कुठे सुटली, काही कळेना. तिथून इथवर एकच कातडी होती, ओली, ऊन, दहा वर्षांच्या पोरीची.

"लागत नायत," मालनआत्या म्हणाली.

सायलीने थोडा विचार केला. विचार करताना तिला वेळ लागायचा, आणि घरात सगळे तो वेळ द्यायला शिकले होते. मालनआत्याही आज थांबली.

"मग मी बाळाला मांडीवर घेतलं तर त्याला लागणार नाहीत ना माझ्या रेघा?"

अंगाला अंग लागतं, हे मालनआत्याच सकाळी म्हणाली होती. पण पोरीच्या बोलण्यावरून वाटत होतं, की ही भीती तिला आज सकाळी लागलेली नाही. ती बऱ्याच दिवसांपासून हे मनात घेऊन बाळाची वाट बघत होती. कुणाकुणाकडून तिने काय काय ऐकलं असेल, आणि त्यातलं किती आपल्याच तोंडून गेलं असेल, हे मनात येऊन मालनआत्याला रडू फुटलं. ते तिने आवाज न करता गिळलं.

तिने दोन्ही हातांनी सायलीची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत खसखसून चोळली, साबणाशिवायच, बराच वेळ. मग तिला आपल्याकडे वळवलं आणि ओला तळवा तिच्यापुढे धरला.

"बघ. मला लागल्या का?"

सायलीने तो हात धरून दिव्याखाली नेला. तळवा नीट पाहिला, उलटा करून पाहिला, बोटांच्या मधलंही पाहिलं.

"आता दुसरा दाखव," ती म्हणाली.